गॅलेक्सी एक्सप्रेस 999: सिनेमा बघितला की सिरीज बघितल्यासारखं होतं का?

प्रश्न असा होता: जपानी कॉमिककार लेइजी मात्सुमोतोचं गॅलेक्सी एक्सप्रेस 999 बघायचंय, पण टीव्ही सिरीजचे 113 एपिसोड बघूनच धडकी भरतेय, मग 1979 चा सिनेमा बघितला तर भागेल का, स्टोरी तीच आहे ना? आणि मूळ कॉमिक वाचायलाच पाहिजे का?

थोडक्यात सांगायचं तर सुरुवात सिनेमापासूनच कर, पण सिनेमा म्हणजे सिरीजचा सारांश असं डोक्यात घेऊन बसू नकोस. माणसं तीच, गाडी तीच, प्रसंगसुद्धा बरेचसे तेच, फक्त ते प्रसंग उचलून दुसऱ्या जागी ठेवलेत आणि त्यामुळे अख्खी गोष्टच वेगळी झालीय. मी स्टोरीबोर्डचं काम करते, बरीच वर्षं झाली, कोणाची तरी लांबलचक गोष्ट ठरलेल्या मिनिटांत कशी बसवायची हाच धंदा, त्यामुळे माझं लक्ष अशाच गोष्टींकडे जातं, कथेचा अर्थबिर्थ सांगणारे दुसरे पुष्कळ आहेत.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. भविष्यकाळ आहे, श्रीमंतांनी यंत्राची शरीरं घेतलीत आणि ते हजार हजार वर्षं जगू शकतात. गरीब माणसं हाडामांसाचीच राहिलीत आणि यंत्रमाणसं त्यांची शिकार करतात, खरोखर शिकार, बंदूक घेऊन, गंमत म्हणून. तेत्सुरो होशिनो नावाचा पोरगा, त्याची आई अशाच शिकारीत काउंट मेकाच्या हातून मरते. मग त्याला भेटते मेटेल, काळा कोट, काळी फरची टोपी, लांब सोनेरी केस, आणि चेहरा अगदी त्याच्या आईसारखा. ती त्याला 999 चा पास देते, अट एकच, मला सोबत घेऊन चल. गाडी जिथे शेवटी थांबते तिथे यंत्राचं शरीर फुकट मिळतं असं ऐकलेलं असतं. वाटेत गाडी प्रत्येक ग्रहावर थांबते, आणि किती वेळ थांबते तर त्या ग्रहाचा एक दिवस जेवढा असेल तेवढा वेळ. कुठे काही तास तर कुठे कितीतरी दिवस. पास हरवला तर तिथेच राहायचं. हा थांब्याचा नियम म्हणजे मला वाटतं आठवड्याला एक प्रकरण काढायचं असलेल्या माणसाने लावलेला सगळ्यात हुशार शोध आहे, कारण प्रत्येक ग्रहावर नवी गोष्ट सुरू करायची मोकळीक आणि गाडी सुटायची वेळ झाली की गोष्ट संपवायची सक्ती, दोन्ही एकाच नियमात मिळतं.

आणि ही गाडी दिसायला वाफेची. आत सगळा कॉम्प्युटर, इंजिन स्वतः बोलतं, पण बाहेरून जपानचं सी-62, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं पॅसेंजरचं वाफेचं इंजिन, 1948-49 मध्ये फक्त 49 बनली होती. लोक विचारतात की अंतराळात वाफेचं इंजिन कशाला, सायन्स फिक्शन म्हणायचं ना याला? तर जरा तारखा बघ. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने वाफेच्या इंजिनाची शेवटची नियमित प्रवासी गाडी चालवली डिसेंबर 1975 मध्ये, आणि शोनेन किंग या साप्ताहिकात 999 सुरू झालं 1977 च्या सुरुवातीला. म्हणजे वाचणाऱ्या पोरांनी ते इंजिन नुकतंच जाताना पाहिलेलं. मात्सुमोतो क्यूशूचा, जन्म 1938 चा, वाढला कोकुराला, आणि कॉमिक काढायला म्हणून विशीच्या आत रेल्वेने टोकियोला आला, खिशात पैसे नव्हते, आणि त्या प्रवासातून 999 आलं असं तो स्वतःच सांगायचा. दुसरं मूळ म्हणजे केंजी मियाझावाची आकाशगंगेतल्या रात्रीच्या गाडीची गोष्ट, जी जपानी पोरांना शाळेपासून माहीत असते. त्यामुळे तेत्सुरोला अंतराळात जाऊनसुद्धा रामेन खायची हौस असते, बाकावर पाय दुमडून झोपतो, खिडकीला नाक लावून बसतो, हे सगळं गावाकडून मोठ्या शहरात निघालेल्या पोराचंच आहे, फक्त खिडकीबाहेर शनी आहे.

आता मूळ मुद्दा. कॉमिक चाललं 1977 ते 1981, अठरा खंड. टीव्ही सिरीज तोएई या ॲनिमेशन स्टुडिओने केली, सप्टेंबर 1978 ते मार्च 1981. सिनेमा आला ऑगस्ट 1979 मध्ये, रिनतारो दिग्दर्शक, 129 मिनिटं. तारखा परत एकदा बघ. सिनेमा आला तेव्हा कॉमिकही संपलेलं नव्हतं आणि सिरीजही संपलेली नव्हती. म्हणजे शेवट काय होणार हे लोकांनी आधी थिएटरात बघितलं आणि मग पुढचं दीड वर्ष दर आठवड्याला टीव्हीवर गाडी त्याच शेवटाकडे आपली रखडत रखडत चाललेली! आजच्या प्रोड्यूसरला असं काही सुचवलं तर तो मीटिंगमधून उठून जाईल. पण तिकडे चाललं, सिनेमा त्या वर्षी जपानी सिनेमांमध्ये कमाईत पहिला आला. आणि चाललं याचं कारण हेच की टीव्हीसमोर बसणारा माणूस शेवटासाठी बसतच नव्हता. चांदोबात विक्रम-वेताळ वाचताना आपण कधी विचारलं का की तो वेताळ अखेर नेला का रे त्याने ठरलेल्या जागी? प्रत्येक वेळी वेताळ काय सांगतो ते वाचायचं असायचं. कॉमिक आणि सिरीज तशी आहे, थांब्यांची गोष्ट. सिनेमा मात्र पोचण्याची गोष्ट आहे.

हे कसं केलं ते दोन उदाहरणांवरून बघ, म्हणजे पटेल. (पुढे स्टोरी फुटतेय, फार सोवळं असेल तर दोन पॅरा सोड.)

पहिलं काउंट मेकाचं. कॉमिकमध्ये आणि सिरीजमध्ये तेत्सुरो आईच्या खुनाचा बदला सुरुवातीलाच घेऊन टाकतो. गाडीत बसायच्या आधी. मेटेलने दिलेली बंदूक घेऊन काउंटच्या वाड्यात शिरतो आणि संपवतो. पटकथा शिकवणारा कोणीही म्हणेल की अरे हा तर व्हिलन, तो पहिल्याच प्रकरणात मारला तर पुढे 112 एपिसोड हीरोला राग कशाचा? पण मात्सुमोतोला तेच हवं होतं. राग संपला, आता हा पोरगा नुसता प्रवासी आहे, बघणारा आहे, प्रत्येक ग्रहावर उतरतो आणि कोणाचं तरी दुःख बघून परत चढतो. रिनतारोकडे मात्र दोन तास आणि वर नऊ मिनिटं, त्यात नुसता बघणारा हीरो चालत नाही. म्हणून सिनेमात काउंट जिवंत ठेवला, त्याला हेवी मेल्डर नावाच्या ग्रहावर टाइम कॅसलमध्ये नेऊन बसवला, आणि मग गाडीचा प्रत्येक थांबा हा त्या बदल्याकडे जाणारी पायरी झाली. टायटनवर बंदूक आणि टोपी मिळते, अंतारेस नावाचा डाकू भेटतो, हार्लॉक, एमेराल्डास, तोचिरो, मात्सुमोतोच्या बाकीच्या कॉमिकमधली मंडळी येऊन येऊन पोराला थोडं थोडं पुढे ढकलतात. आणि तेत्सुरोचं वयसुद्धा वाढवलं, सिरीजमध्ये दहाएक वर्षांचा बटाट्यासारख्या तोंडाचा पोरगा, सिनेमात पंधराचा, पात्रं रेखाटणाऱ्या काझुओ कोमात्सुबाराने त्याला जरा देखणाही करून टाकलाय. वयातला हा फरक साधा वाटतो पण त्याने मेटेलचं नातंच बदलतं. दहा वर्षांच्या पोरासाठी ती आई आहे. पंधराच्या पोरासाठी ती आईसुद्धा आहे आणि पहिलं प्रेमसुद्धा आहे, आणि ते एकत्र आलेलं अवघडलेपण सिनेमाच्या शेवटच्या प्लॅटफॉर्मच्या सीनमध्ये पुरेपूर वापरलंय.

दुसरं क्लेअरचं, आणि हे माझं सगळ्यात लाडकं. क्लेअर ही 999 च्या डायनिंग कारमधली वेट्रेस, काचेचं शरीर, आरपार दिसतं, आईच्या हौसेपायी तिचं शरीर असं करून टाकलं आणि आता ती नोकरी करून पैसे जमवतेय, कशासाठी तर स्वतःचं मूळ शरीर परत घ्यायला, जे प्लूटोवर बर्फाखाली ठेवलंय. कॉमिकमध्ये ती लवकर मरते, अंधाऱ्या बोगद्यात तेत्सुरोला वाचवताना फुटते, चुरा होतो, आणि गाडी पुढे जाते. दुसऱ्या आठवड्याला दुसरा ग्रह, कोणी तिचा विषयही काढत नाही फारसा. वाचताना ते लागतं, कारण प्रवास असाच असतो, जो वाटेत गेला तो गेला. सिनेमात रिनतारोने तोच मृत्यू उचलून थेट क्लायमॅक्सला ठेवला, यंत्रमाणसांची राणी प्रोमेथियम, तिला मिठी मारून क्लेअर फुटते. घटना तीच, काच तीच, मागे उरलेला अश्रूसारखा तुकडा तोच. पण आता तो मृत्यू हीरोला जिंकवायला उपयोगी पडतोय. हे बरं की ते बरं असं नाही विचारायचं. मी स्टोरीबोर्ड शिकायला येणाऱ्या पोरांना हे दोन सीन शेजारी लावून दाखवते आणि काहीच बोलत नाही, दहा मिनिटांत त्यांनाच कळतं की सीन चांगला काढणं ही एक गोष्ट आणि सीन कुठे ठेवायचा ही पूर्ण दुसरी गोष्ट.

प्लूटो दोन्हीकडे आहे, बर्फाची कबर, खाली माणसांनी सोडून दिलेली शरीरं रांगेने ठेवलेली आणि त्यांची राखण करणारी शॅडो नावाची बाई जिला चेहराच नाही. तो भाग सिनेमात जास्त चांगला झालाय, बॅकग्राउंडमुळे. त्याबद्दल कोणी वाद घालायला येऊ नये.

आता 113 एपिसोडच्या कामाकडे. त्या काळच्या टीव्हीला दर आठवड्याला एपिसोड द्यायचा म्हणजे सेकंदाला 24 फ्रेम पण चित्र तीन फ्रेमला एक, म्हणजे आठच, आणि तेवढीसुद्धा जिथे लागतील तिथेच. बाकी तोंड हलतं, पापणी लवते, काम झालं. आता या हिशोबाने 999 बघ. अंतराळ काळं. तारे ठिपके. दोन माणसं समोरासमोर बाकावर बसलेली, बोलतायत. मेटेलचा कोट पायापर्यंत, त्यामुळे चालताना पाय काढावे लागत नाहीत, ती बहुतेक वेळा उभीच असते आणि फक्त केस हलतात. गाडी सुटण्याचा, वळणाचा, ग्रहाकडे उतरण्याचा शॉट एकदा काढून ठेवला की तोच परत परत वापरता येतो, याला बँक म्हणतात. मात्सुमोतोने कॉमिक काढताना हा विचार केला असेल असं मी म्हणत नाही, पण कमी पैशात ॲनिमेट करायला याच्याइतकं सोयीचं कॉमिक शोधून सापडणार नाही. आणि गंमत म्हणजे तीच कंजुषी तिथे मूड बनते. ॲक्शन सिरीजमध्ये स्थिर चित्र म्हणजे बजेट संपलं हे पोराटोरांनाही कळतं, इथे मात्र एक बाई खिडकीतून बाहेर बघतेय आणि आठ सेकंद काहीच हलत नाहीये तर आपण म्हणतो अरे काय विचार करत असेल ही.

कॉमिकमध्ये हेच काम मोठ्या काळ्या चौकटी करतात. मात्सुमोतोच्या पानावर दोन टोकं असतात, एक तर गोल गोल मीटर आणि डायल यांची गर्दी (चाहत्यांमध्ये त्या मीटरची वेगळी क्रेझ आहे, काटे कशाचे आहेत देव जाणे), नाहीतर अर्धं पान नुसतं काळं आणि त्यात छोटीशी गाडी. प्रकरणाच्या शेवटी बहुतेक वेळा निवेदकाचं दोन-चार ओळींचं बोलणं. सिरीजनेही निवेदक ठेवला. सुरुवातीला ते निवेदन मला रडकं वाटायचं, अजूनही काही ठिकाणी वाटतंच, प्रत्येक ग्रहावर कोणीतरी एकटं, कोणीतरी आईची वाट बघतंय, कोणीतरी यंत्र होऊन पस्तावलंय. सलग पाच एपिसोड बघितले तर अजीर्ण होतं. म्हणून माझं ऐक, सिरीज सलग बघू नकोस. ती तशी बघायला बनवलेलीच नाही, आठवड्याला एकाच्या हिशोबाने बनवलीय. रात्री झोपायच्या आधी एक, बास.

सिनेमाचं गणित उलटं. तिथे पैसा दिसतो. तेव्हाचं वातावरण असं की 1977 मध्ये यामातो या अंतराळ-युद्धनौकेच्या कार्टूनचा सिनेमा चालला होता, थिएटरबाहेर रांगा लागलेल्या, आणि कार्टून बघायला मोठी माणसं, कॉलेजातली पोरं येतात हे स्टुडिओंना पहिल्यांदाच कळलं होतं. यामातोच्या टीव्ही सिरीजवर मात्सुमोतोनेच काम केलेलं, त्यामुळे 1978 साली हार्लॉक आणि 999 एकाच वर्षात टीव्हीवर, सगळीकडे हाच माणूस. रिनतारो मूळचा मोठे कॉमिककार ओसामू तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शन स्टुडिओतला, हार्लॉकची टीव्ही सिरीज त्यानेच केलेली. वर सुपरव्हिजनला म्हणून कोन इचिकावाचं नाव, म्हणजे खऱ्या माणसांच्या सिनेमातला मोठा दिग्दर्शक. आणि क्लायमॅक्सला गाडीच्या शेवटच्या थांब्याचा ग्रह कोसळतो तिथे ॲनिमेटर योशिनोरी कानादाचा हात बघ, ढासळण्याचं, ठिकऱ्यांचं, उजेडाच्या पट्ट्यांचं टायमिंग असं विचित्र आहे की एकदम उठून दिसतं, बाकी सिनेमाच्या चालीत ते बसतही नाही, पण ग्रह फुटताना चाल कशाला सांभाळायची. फ्रेम फ्रेम करून बघितलं तर काही चित्रांमध्ये ओळखू येईल असं काहीच नसतं, नुसते आकार. वेगात लावलं की मात्र पोटात गोळा येतो.

आणि शेवट. गाडी सुटते, शिट्टी, निवेदक बोलतो, पोरगा प्लॅटफॉर्मवर पळतोय, आणि गोदाइगो या जपानी बँडचं गाणं सुरू होतं, जे चक्क आनंदी आहे. रडारडीच्या सीनवर असं उड्या मारणारं पॉप गाणं लावायची हिंमत मला अजूनही नाही, खरं सांगते. तिथे मंद व्हायोलिन असतं तर सिनेमा निम्म्याने पडला असता. तेत्सुरोचा आवाज मासाको नोझावाचा, म्हणजे जपानी ड्रॅगन बॉलमधला गोकू, त्यामुळे जपानीतच बघ आणि त्या आरोळीकडे कान ठेव.

त्या उन्हाळ्यात याची हवा एवढी होती की सिनेमा यायच्या आधी राष्ट्रीय रेल्वेने उएनो स्टेशनवरून 999 नावाची खरीखुरी गाडी सोडली, कुठे जाणार ते प्रवाशांना सांगितलेलंच नव्हतं. (गेली तोचिगी जिल्ह्यातल्या कारासुयामाला.) आजही कोकुरा स्टेशनबाहेर मेटेल आणि तेत्सुरोचे पुतळे आहेत.

दुसरा सिनेमा, आदियू, 1981 चा, तोही रिनतारोचाच. तो पहिला बघून किमान महिनाभर गेल्याशिवाय लावू नकोस. सुरुवातीची वीस मिनिटं, युद्धाने पडझड झालेली पृथ्वी आणि त्यातून गाडी पकडायला धावणारी माणसं, ही पहिल्या सिनेमापेक्षाही सरस आहेत असं माझं मत आहे. नंतर मात्र तो तेच परत करायला बघतो आणि अडखळतो, क्लेअरच्या जागी मेटलमेना आणली तरी ती जागा भरत नाही. काळ्या चिलखतातल्या फाउस्टचं रहस्य तुला अर्ध्यातच कळेल, 1980 च्या आसपास अंतराळात सगळ्यांचे वडील तसेच निघायचे.

कॉमिकचं विचारलंस ना, तर वाच, पण इंग्रजीत शोधताना सांभाळ. व्हिझ या अमेरिकन प्रकाशकाने इंग्रजीत जे पाच खंड आणले ते मूळ कॉमिकचे नाहीत, 1996 मध्ये मात्सुमोतोने पुढचा भाग म्हणून परत सुरू केला त्याचे आहेत. त्यात तेत्सुरो परत आलेला, पृथ्वी जाते, सगळ्या कॉमिकमधली सगळी पात्रं एकमेकांना भेटायला येतात, आणि ते पूर्ण झालंच नाही, मात्सुमोतो फेब्रुवारी 2023 मध्ये गेला. 1998 ला त्यावर तासाभराच्या आतला एक सिनेमाही निघाला, तोही पुढे चालू राहील अशा थाटात संपतो, पुढे काही आलं नाही. बरेच लोक हेच पहिलं उचलतात आणि मग म्हणतात की 999 मध्ये एवढं काय आहे. आणि टाइमलाइन जुळवायला तर अजिबातच बसू नकोस, तोचिरो एका ठिकाणी कसा मरतो आणि दुसऱ्या ठिकाणी कसा, हार्लॉक कोणत्या शतकात होता, मेटेल आणि एमेराल्डास बहिणी आहेत की नाहीत, मात्सुमोतोने दर वेळी मनाला येईल तसं काढलंय, त्याच्या पात्रांना तो नाटक कंपनीतल्या नटांसारखं वापरायचा.

सिनेमाची कॉपी घेतानाही बघून घे. अमेरिकेत रॉजर कॉर्मन या निर्मात्याच्या कंपनीने ऐंशीच्या सुरुवातीला जो कापून आणला त्यात चाळीसएक मिनिटं गायब आहेत, तेत्सुरोचं नाव जोई केलंय आणि हार्लॉक काऊबॉयसारखा बोलतो. लांबी 129 मिनिटं दिसत नसेल तर ती कॉपी सोडून दे.